मंत्रिमहोदय, मराठी अक्षरं किलोवर गेली

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. मागच्या वर्षी आपल्या दालनात आपण शब्द दिला होतात की बंद पडलेल्या छापखान्यातले पंच (अक्षर कोरलेले पोलादी ठसे) आणि मातृका (त्या ठशांनी तांब्यात उमटवलेली खोलगट अक्षरं) संग्रहालयात जातील, एकही खोकं हलणार नाही. गेल्या महिन्यात खोकी हलली. ‘मिश्र धातू, निरुपयोगी’ या नावाखाली किलोच्या भावाने लिलाव झाला. आम्हाला कळलं ते भंगारवाल्याकडून. निदान त्याने तरी कळवलं.

आपले अधिकारी म्हणतात, ‘खिळेच तर होते, पुन्हा ओतता येतील.’ साहेब, खिळे ओतता येतात हे खरंच आहे. खिळा म्हणजे छपाईचं सुटं धातूचं अक्षर; त्यात शिसं, कथील आणि अँटिमनी. शिसं स्वस्त, पण मऊ. कथलाने रस पातळ होऊन कानाकोपऱ्यात शिरतो. अँटिमनीने खिळा कडक होतो आणि निवताना फारसा आकसत नाही. छापून झिजला की वितळवा, पुन्हा ओता. पण ओतणार कशात? तांब्याच्या मातृकेत. आणि मातृका ठोकणार कशाने? पोलादी पंचाने. विकलंत ते हे. पेरणीचं बी दळून खाल्लं आणि वर सांगताय, पीक पुढच्या वर्षी घेऊ.

पंच कसा होतो ते फाइलीवर सही करण्याआधी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मऊ केलेल्या पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं घडवायचं. ‘व’च्या पोटातली पोकळी आधी दुसऱ्या पंचाने ठोकून घ्यायची, मग बाहेरची कड कानशीने उतरवायची. मधूनमधून टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची आणि कागदावर दाबून बघायचं. मनासारखं उमटलं की लाल तापवून विझवायचं, पुन्हा बेताने तापवून पाणी, म्हणजे जादा कडकपणा, उतरवायचं. कडक राहिला तर ठोकताना कड उडते, मऊ राहिला तर तोंड चेपतं. ठोका बसल्यावर तांबं बाजूने फुगतं, म्हणून मातृका कानसून काटकोनात आणायची. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, तिथे केसभर चूक खपते. आमची शिरोरेषा चुगली करते. एक मातृका जरा वर-खाली झाली की शब्दावर जिना चढतो. खिळ्याची बाजू जाड राहिली की रेघेत फट.

आणि अशी अक्षरं किती? 34 व्यंजनं गुणिले बाराखडी, 408. जोडाक्षरं अजून धरलेलीच नाहीत. डिग्री पद्धतीत मात्रा-वेलांट्या आणि उकार वेगळे जुळवायचे, म्हणजे छापील एका ओळीसाठी तीन ओळींची जुळणी. खिळे कमी लागतात, पण मात्रा अक्षरापासून सुटून तरंगते. अखंड पद्धतीत मात्रा अक्षरासकट एकाच खिळ्यावर. दिसायला देखणं, पण केसा, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, भिंतभर आणि खिळेजुळाऱ्याचे हात दिवसभर लांब. मग खिळे ओतून जुळवणारी यंत्रं आली: लायनोटाइप आलं ते 90 कळा घेऊन, मोनोटाइपची मूळ मातृकापेटी 225 घरांची. या चौकटीत देवनागरी कोंबायची कशी, यावर लोकमान्यांसारख्या माणसाने डोकं झिजवलं. आपल्या खात्याने तो प्रश्न वजनकाट्यावर सोडवला!

मुंबईत हा उद्योग उभा राहिला तो अनुदानावर नव्हे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी खिळे सुधारले. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं, मग स्वतःचे खिळे पाडले. मिशनच्या छापखान्यात खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये टाइपाची फाउंड्री आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या देखण्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांची कानस होती. किती मंत्र्यांना हे नाव ठाऊक आहे? असो. बेल्जियममधल्या अँटवर्पला सोळाव्या शतकातल्या छापखान्याचे पंच अजून जागेवर आहेत. आपल्याकडे 2024 मध्ये अभिजात दर्जाचे पेढे वाटून झाले. 2009 च्या शासन निर्णयाने ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असावा हेही ठरवलं. हीच वळणं पोलादात कशी बसवली होती याचा पुरावा मात्र गोणीत भरला. भंगारवाल्याला त्यातलं तांबं तरी कळलं.

आम्ही तीन पत्रं दिली, दोन स्मरणपत्रं दिली, पोचेसाठी आवकखिडकीवर उभे राहिलो. एका टेबलावर ‘हा विषय आमचा नाही’, दुसऱ्यावर ‘साहेब मीटिंगमध्ये’. प्रत्येक खात्यात हेच. धूळ बसलेल्या वस्तूची किंमत ठरवायला इथे वजनकाटा सोडून दुसरं माप नाही, आणि मराठीचे फलक मात्र दर फेब्रुवारीत नवे.

आता मागणं. उरलेल्या खोक्यांची विक्री लेखी थांबवा. मातृका गोणीत ओतू देऊ नका. तांबं मऊ असतं, एकमेकींवर घासून तोंडं जातात. एका वळणाचा संच त्याच्या खिळे ओतायच्या साच्यासकट एकत्र ठेवा. पंचांना तारेचा ब्रश लावू नका, पातळ तेलाचा हात देऊन कोरड्या जागी ठेवा. मुंबईच्या एका पावसाळ्यात कड गंजते. यादी आम्ही करू. मातृकेत मेण दाबलं की अक्षर वर येतं, त्याला निविदा लागत नाही.

गोदामाची किल्ली सध्या कोणत्या टेबलावर आहे, तेवढं कळवा.

आपले,
काही खिळेजुळारी आणि टाइपवाले