माळ जळू द्यायचा नाही, जाळरेषा काढायला या आणि जमेल तेवढी मदत करा

नमस्कार मंडळी. बालाघाटच्या माथ्यावरच्या आपल्या गायरानात भोवत्ये, म्हणजे ते शिकारी पक्षी, आलेत, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात तसे. गवत पण वाळायला लागलंय, म्हणजे महिना-दीड महिन्यात कुणीतरी काडी लावणार, हे पण दरवर्षीचंच. यंदा ते होऊ द्यायचं नाही असं आपल्या मंडळानं आणि ग्रामपंचायतीनं मिळून ठरवलंय, त्यासाठी माणसं पाहिजेत आणि थोडे पैसे पण.

ज्यांना भोवत्या माहीत नाही त्यांनी संध्याकाळी माळावर जाऊन बघा. गवताच्या शेंड्यावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगत जाणारा लांब शेपटीचा शिकारी पक्षी दिसला की तोच. नर राखाडी, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाला पांढरा पट्टा. पंख पसरले तर मीटरभर, पण माँटेग्यू भोवत्या या जातीच्या नराचं वजन पाव किलोच्या आसपासच, म्हणून हा तुमच्या कोंबड्या नेतो हे डोक्यातून काढून टाका. तोंड घुबडासारखं गोल असतं, त्यामुळं गवतात काय खुडबुडतंय ते त्याला ऐकू येतं. खातो काय तर नाकतोडे, टोळ, उंदीर, सरडे, चंडोलासारखी छोटी पाखरं. नाकतोडे आणि उंदीर कमी झाले तर फायदा कुणाचा, ज्वारी-हरभरा पेरणाऱ्यांचाच ना!

हे पक्षी इथले नाहीत. कझाकस्तानातल्या मोकळ्या गवताळ मैदानात त्यांची घरटी असतात, ती पण जमिनीवरच, आणि तिथं नर हवेतल्या हवेत मादीकडं भक्ष्य टाकतो, मादी उलटी होऊन ते पायांनी झेलते. थंडी पडायच्या आत हजारो किलोमीटर उडून इकडं येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. रात्री झाडावर बसत नाहीत, सूर्य मावळताना एकेक करून माळावर जमतात, गवत दाबून जागा करतात आणि थोड्या थोड्या अंतरावर जमिनीवरच झोपतात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला अशी लई मोठी रातथाऱ्याची जागा आहे, लोक लांबून बघायला जातात. आपल्याकडची छोटी आहे पण आपली आहे, आणि गवत जळालं की ती त्या सीझनपुरती संपली, कारण उघड्या राखेवर ते बसत नाहीत.

जाळणाऱ्यांशी आम्हाला भांडायचं नाही. कुसळं मेंढराच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, त्यांचा त्रास खरा आहे. पण वारंवार जाळलं तर कुसळी, म्हणजे ही कुसळं येणारं गवत, कमी होत नाही, उलट वाढते. तिचं बी पीळ घेत मातीत घुसतं आणि जाळातून वाचतं, पवन्यासारखं जनावराला आवडणारं गवत मात्र मागं पडत जातं. म्हणजे जाळायचं कुसळासाठी आणि दरवर्षी कुसळच जास्त उगवायचं, शिवाय ससे, तित्तर, खोकडाची बिळं यांचं काय होतं ते बोलायलाच नको.

तर काम असं आहे की गायरानाच्या कडेनं आणि रस्त्याच्या बाजूनं गवत कापून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे जाळरेषा. विळे घेऊन या, कापलेलं गवत ज्याचं त्यानं वैरणीला न्यावं, त्याचे पैसे घेणार नाही. मजुरी, दोन ब्लोअर आणि पाठीवरचे फवारणीचे पंप एवढा खर्च आहे. जुना पंप चालू असेल तर स्वच्छ धुऊन तोच द्या, पाणी मारायला चालतो. पैसे 100 द्या, 500 द्या, बाहेरगावी असाल तर घरच्यांच्या हातून पाठवा, पण पावती घ्याच. जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू.

आणखी एक, ज्यांना मदत म्हणून रोपं द्यायचीत त्यांचे आभार, पण ती शाळेत, बांधावर, ओढ्याच्या कडेला लावू. माळावर खड्डे नको, भोवत्याला आणि चंडोलाला उघडं गवतच लागतं. आणि फोटोवाल्या पोरांनी अंधार पडायच्या वेळी गाड्या गवतात घालू नयेत, लांबून बघा.

येत्या रविवारी सकाळी 7 ला मारुतीच्या पारावर जमायचं. भाकरी बांधून आणा, चहा मंडळाकडून. रात्री माळाकडं धूर दिसला तर वाट न बघता पोलीस पाटलांना आणि वनरक्षकांना फोन करा आणि ओल्या लिंबाच्या डहाळ्या घेऊन निघा.