सदोष सीडी बदलून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या पाच कॅन्टिकल्सची (धार्मिक आशयाच्या गायनरचनांची) सीडी

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्याकडून वरील सीडी मागवली. तिच्या दुसऱ्या ट्रॅकचा डावा चॅनेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद आहे. फोन केला तेव्हा 'रेकॉर्डिंग जुनं आहे, एवढं चालायचंच' असं सांगण्यात आलं. हे मला मान्य नाही. मी ही सीडी दोन वेगळ्या प्लेअरवर लावून पाहिली, हेडफोन उलटे घालूनही ऐकली. बाकीचे चार ट्रॅक दोन्ही बाजूंनी स्वच्छ वाजतात.

दुसरा ट्रॅक म्हणजे १९५२ सालचं 'अब्राहम अँड आयझॅक'. गोष्ट बायबलातली : देव अब्राहामला मुलगा इसहाक (इंग्रजीत आयझॅक) याचा बळी द्यायला सांगतो. शब्द इंग्लंडमधल्या चेस्टर शहराच्या जुन्या धर्मनाट्यातले. गायला एक टेनर (पुरुषाचा उंच आवाज) आणि एक आल्टो (त्याहून वरच्या पट्टीचा आवाज), साथीला पियानो, बस. बाप टेनर गातो, मुलगा आल्टो. देवासाठी मात्र ब्रिटननी तिसरा गायक घेतला नाही. देव बोलतो तेव्हा हे दोघंच एकत्र गातात आणि त्या मिळणीतून एक वेगळाच आवाज उभा राहतो, ना बापाचा ना मुलाचा. ज्याला मारायचं आणि ज्यानं मारायचं, त्या दोघांच्याच गळ्यातून आज्ञा येते. माझ्या मते सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे.

तुमच्या सीडीत आल्टो डाव्या बाजूला आहे. त्यामुळे देवाच्या जागी एकटा टेनर ऐकू येतो. म्हणजे अब्राहाम आपणच आपल्याला पोराचा बळी द्यायला सांगतो आहे! पुढे इसहाक वडिलांना विनवतो, ते शेजारच्या खोलीतून आल्यासारखं पुसट येतं.

ही सीडी मी आईसाठी घेतली होती. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण बायबलातल्या उत्पत्तीचा बाविसावा अध्याय, म्हणजे हीच गोष्ट, तोंडपाठ आहे. मी गोष्ट सांगून ट्रॅक लावला. थोडा वेळ ऐकून तिनं विचारलं, "यात देव कुठं बोलला?" मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक. पाचव्या कॅन्टिकलसमोर पुस्तिकेत 'टेनर व पियानो' छापलं आहे. तिथे हार्प हे तंतुवाद्य आहे. १९७३ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर ब्रिटनना पियानोची साथ करणं जमेना, म्हणून १९७४ साली त्यांनी ही रचना हार्पसाठी लिहिली. जाहिरातीत कबूल केलेले गीतांचे शब्दही पुस्तिकेत नाहीत.

मला पैसे परत नकोत. दुसरी सीडी पाठवा, पण पाठवण्याआधी दुसरा ट्रॅक कुणीतरी हेडफोन लावून ऐका. त्याच खेपेच्या इतर प्रतीही तपासा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, पुणे