रक्तातला मायक्रोआरएनए आणि मधुमेहाचे भाकीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायटोकाँड्रियातले (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांतले) मायक्रोआरएनए रक्तात मोजून मधुमेह आधीच ओळखता येईल, असा सूर आरोग्यविषयक मजकुरात हल्ली वरचेवर लागतो. त्यातला विज्ञानाचा भाग खरा आहे. घाई आहे ती रक्ततपासणीच्या दाव्यात.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा. जनुकाचा निरोप प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधीच तो अडवतो. 1993 साली एका सूक्ष्म कृमीत तो पहिल्यांदा सापडला, आणि 2024 चे नोबेल त्याच शोधाला मिळाले. यांपैकी काही तुकडे मायटोकाँड्रियाच्या आतही आढळतात. मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत जनुके 37 च, त्यांतली प्रथिनांची फक्त 13. पण ती सगळी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करणाऱ्या यंत्रणेची. स्वादुपिंडातली बीटा पेशी साखर ओळखते तीच मुळी एटीपी वाढल्यावरून. एटीपी वाढले की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. मधुमेही उंदरांच्या हृदयात मायक्रोआरएनए-378 मायटोकाँड्रियात वाढून एटीपी-6 हे प्रथिन घटवतो आणि त्याला अडवले की हृदयाचे काम सावरते, हे 2015 साली दाखवले गेले. मात्र तिथे मायटोकाँड्रिया हृदयाच्या ऊतीतून वेगळे काढून मोजमाप झाले होते.

रक्तात सापडलेल्या मायक्रोआरएनए-378 वर तो कुठून आला याचा शिक्का नसतो. पेशीद्रवातला आणि मायटोकाँड्रियातला रेणू एकच. ऊतीतही बाहेरच्या आवरणाला चिकटलेला आरएनए आधी एन्झाइमने धुवावा लागतो, नाहीतर बाहेरचाच आतला म्हणून मोजला जातो.

त्यात नमुना बिघडायला फार काही लागत नाही. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेली नळी वापरली तर पीसीआर (आरएनए मोजण्याची चाचणी) दबतो, म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेली घ्यावी. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) दोन तासांत वेगळा करून पुन्हा एकदा जोरात फिरवावा; म्हणजे त्यात उरलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) निघून जातात; त्यांत मायटोकाँड्रियाही असतात आणि मायक्रोआरएनएही भरपूर. साठवण उणे 80 अंशांवर. तांबड्या पेशी फुटल्या की 451 आणि 16 या क्रमांकांचे मायक्रोआरएनए उसळतात (गंमत म्हणजे या पेशींत मायटोकाँड्रिया नसतातच!). यासाठी पीसीआरमधला मायक्रोआरएनए-23ए (पेशी फुटल्या तरी फारसा न बदलणारा) आणि 451 यांच्या सीटी आकड्यांतला (रेणू दिसायला किती फेऱ्या लागल्या त्या आकड्यांतला) फरक पाहतात. तो 7 च्या वर गेला की नमुना टाकून द्यावा. अहवालात हा फरक छापलेला नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

निदानासाठी आज लागते ते साधेच: रक्तातली साखर उपाशीपोटी 126 मिग्रॅ/डेसिलीटर, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी 200 किंवा एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 6.5 टक्के, किंवा त्याहून जास्त. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. पंडुरोग किंवा थॅलॅसेमिया असेल तर एचबीए1सीवर विसंबू नये.

मायटोकाँड्रियाची एक तपासणी मात्र आजही उपयोगाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. आईकडून मधुमेह आणि त्याबरोबर कमी ऐकू येणे, असे घराण्यात दिसत असेल तर मायटोकाँड्रियाच्या डीएनएतील 3243 क्रमांकाचा बदल तपासावा. रक्तात त्याचे प्रमाण वयानुसार घटते, म्हणून लघवीतल्या पेशींचा नमुना अधिक भरवशाचा. हा बदल असलेल्या रुग्णाला मेटफॉर्मिन सहसा देत नाहीत, कारण लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो.

आपले,
जैवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे