सुमे, निखिलला पब घ्यायचाय

सुमे,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीनंतर माझा फोन नाही, तुझ्या मेसेजला नुसता अंगठा, माहितीये. तब्येती: माझं थायरॉइड आहे तिथेच, निखिलची पाठ आहे तिथेच. झालं.

आता ऐक. निखिलला पब घ्यायचाय. हसू नकोस. नोकरी गेल्यापासून त्याच्या डोक्यात काय काय येतं ते तुला माहितीच आहे, पण हे जात नाहीये. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर डेल्समधलं एक खेडं, खाली बार, वर पाच खोल्या. रेल्वे यायच्या आधी घोडागाड्या मुक्कामाला थांबायच्या तिथे, म्हणून अंगणात शिरायची कमान हत्ती जाईल एवढी, आणि आत गेलं की सगळं बुटकं. निखिलने तुळईवर डोकं आपटलं, वर हसला. तेव्हाच मला कळलं की हा गेला कामातून.

बघायला म्हणून एक रात्र राहिलो. खोलीची जमीन इतकी उतरती की बॅग ठेवली तर आपली आपण कपाटाकडे निघाली. टेबलावर किटली, दोन कप, बोटभर दुधाच्या डब्या, दोन बिस्किटं. किल्लीला लाकडाचा ठोकळा, हरवू नये म्हणून. (गणपतीपुळ्याच्या लॉजवर कदमकाकांनी नारळाची करवंटी लावली होती, आठवतं? तरी ती पुण्याची माणसं घेऊन गेलीच.) अकरापर्यंत खालून हसण्याचा आवाज आणि तळलेल्या बटाट्याचा वास, मग घंटा वाजली, मग खुर्च्या उलट्या ठेवायचा खडखडाट, आणि पहाटे कोणीतरी तळघराचं झाकण उघडून पिंपं उतरवतंय. झोप कुठली येते.

सकाळी पाणी मागायला बाहेर आले तर पॅसेजमध्ये मालकीण, साठीची असेल, डबलबेडची चादर एकटीच घडी घालत होती, हनुवटीखाली धरून. रात्री बार बंद केला हिनेच, सातला नाश्ता लावला हिनेच. मी न बोलता दुसरी टोकं धरली. सुमे, हात आपोआप चालले गं. ओढायची, झटकायची, तू पुढे, मी मागे. ती म्हणाली, तू हे काम केलेलं दिसतंय. मी म्हटलं हो, मैत्रिणीच्या घरी, मे महिन्यात. निखिल मागे उभा होता आणि त्याला वाटलं मी हो म्हणाले. म्हणजे पबला.

आणि खरं सांगू, त्या पाच मिनिटांत मला मजा आली. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय, कारण गणपतीपुळ्याला आपण दोघींनी किती चादरी ओढल्या ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार? आणि चार नंबरची ओली गादी मी लपवली नव्हती, हे शेवटचं सांगतेय.

आता हिशोब. पब ब्रुअरीचा, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीचा, आपण भाडेकरू. भाडं ऐकायला स्वस्त, पण बिअर त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावाने, बाहेर स्वस्त मिळाली तरी हात लावायचा नाही. २०१६ साली यावर नियम आले, बाजारभावाने भाडं देऊन त्या बंधनातून सुटता येतं, पण ते असे ५०० किंवा जास्त पब असणाऱ्या कंपन्यांना लागू, ही ब्रुअरी पडली छोटी. म्हणजे बोंबला. राहिलं जेवण आणि खोल्या, ते आपलं. म्हणजे पाच खोल्यांवर सगळं घर चालवायचं, आणि जानेवारीत तिकडे कोण कुत्रं येतंय? इमारत जुनी म्हणून ग्रेड टू, म्हणजे सरकारच्या जपायच्या यादीत, खिडक्या बदलायच्या तर कौन्सिलची परवानगी. थंडी आत, परवानगी बाहेर. शिवाय एक पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ४१ लिटर, एकदा उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं. आणि पाठ कोणाची? निखिलची.

तो दाखले देतो. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविचला, जिथे एकेकाळी आपल्यासारख्यांना पबात घेत नव्हते, तिथे पंजाब्यांनी तेच पब घेतले, मिक्स्ड ग्रिल लावलं, आता गोरे रांगा लावतात. अरे पण त्यांच्या दाराशी अख्खं शहर आहे, आपल्या दाराशी मेंढ्या! मग मला टॅन हिलला जेवायला नेलं, ५२८ मीटरवरचा, ब्रिटनमधला सगळ्यात उंच पब. २०२१ च्या नोव्हेंबरात वादळात तिथे साठेक माणसं तीन रात्री बर्फात अडकली, सोबत ओएसिसची गाणी म्हणणारा बँड. निखिल म्हणतो, बघ, केवढी धमाल. मी विचारलं, त्या तीन रात्री संडास कोणी धुतले? तर गप्प.

सासूबाईंचं वेगळंच. माळकरी बाई. हा म्हणतो, लॉज घेतलंय म्हणू. मी म्हटलं, मग पाटीपण लाव, लॉजिंग-बोर्डिंग व परमिट रूम. दोन दिवस बोलला नाही. सईची शाळा हा तर विषयच काढायचा नाही म्हणतो, तिला पुढच्या वर्षी जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, आणि पबच्या वरच राहायचं म्हणजे शनिवारी रात्री तिने अभ्यास कुठे करायचा?

तर तू मला उत्तर दे. काकूंना विचार, पाच खोल्यांना चादरींचे किती जोड लागतात आणि धुणं बाहेर दिलेलं परवडतं का. आणि तुला विचारते, काकू ते लॉज बंद झाल्यावर का रडल्या होत्या? सुटल्या म्हणून की गेलं म्हणून? मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

तुझं प्रमोशन झालं ना? अभिनंदन, पार्टी बाकी. आर्याची बारावी कशी गेली? भावजींना नमस्कार.

ब्रुअरीला महिनाअखेर कळवायचंय. फोन करू नकोस, निखिल स्पीकरवर ऐकतो. लिहूनच पाठव.

तुझी,
मन्या