शुक्रवार आणि माळ्यावरची गिटार

लंडन, २१ सप्टेंबर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गुडघ्याचंच विचारत बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं, तर बाबा पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतात. म्हणून हे पत्र. ताई मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल. आई, तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस. बाबांना कळतं गाळलेलं.

ऑक्टोबरपासून मी ऑफिसला चारच दिवस जाणार आहे. शुक्रवारी सुट्टी. विचारत नाहीये, कागदावर सही करून झाली.

नोकरी सोडलेली नाही. (आई, हे वाक्य परत वाच.) कुणी काढलं नाही, कुणाशी भांडले नाही, तब्येत चांगली आहे. पगार पाचव्या हिश्श्याने कमी होईल, पण तुमच्याकडे येतात त्यातला एक रुपयाही हलणार नाही. स्वयंपाकाच्या बाई, रात्रीची मुलगी, फिजिओथेरपीवाला, सगळं आहे तसंच. वरची खोली मी भाड्याने दिली आहे, नागपूरची मुलगी आहे, भाकरी माझ्यापेक्षा बरी थापते. आणि परवा हिशेब मांडला तर लक्षात आलं, दर शुक्रवारी ऑफिसात बाहेरचं खाऊन, थकून टॅक्सीने घरी येण्यातच कितीतरी पैसे जात होते. असो. किती कारणं देते आहे मी. खरं कारण एकच आहे, मी गिटार शिकते आणि त्यासाठी मला शुक्रवार हवा आहे.

आता बाबा भुवया वर करून खिडकीबाहेर बघतील. बघा. पण पुढचं ऐका.

माझे मास्तर इथलेच, सत्तरीला आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, मूळची कुठली? म्हटलं, मुंबई, आणि आईचं माहेर मडगाव. ते काही न बोलता उठले, कपाटातून एक रेकॉर्ड काढली आणि लावली. म्हणाले, मग हा तर तुझाच माणूस. अमान्सिओ डिसिल्व्हा. मी नाव ऐकलेलं नव्हतं. मुंबईची मी, चौदा वर्षं लंडनमध्ये, आणि १९३६ साली मुंबईत जन्मलेल्या या गोंयकार गिटारवाल्याची ओळख मला एका गोऱ्याने करून द्यावी! आई, मला खरंच लाज वाटली.

रेकॉर्ड होती १९६९ सालची, ‘हम दोनो’. बाबा, देव आनंद नव्हे. हे दोघे म्हणजे अमान्सिओ आणि जो हॅरियट, जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवाला. इंग्लंडमध्ये तेव्हा भारतीय संगीत आणि जॅझ यांची सांगड घालायची हवाच होती. बहुतेक जण काय करायचे, स्टेजवर सतार आणि तबला आणून ठेवायचे, की झालं भारतीय. जो हॅरियटनेही त्याआधी जॉन मेयर या कोलकात्याच्या संगीतकाराबरोबर तसं काम केलं होतं, आणि ते वाईट नाही. पण ‘हम दोनो’त सतारही नाही आणि तबलाही नाही. गिटार, सॅक्सोफोन, इयन कारचा ट्रम्पेट, बास, ड्रम, आणि नॉर्मा विन्स्टन नावाची एक बाई शब्दांवाचून गाते. भारतीय जे काही आहे ते त्या गिटारच्या तारेत आहे. स्वरावर थेट उतरत नाही तो, खालून घासत येतो. मींडच ती. आजीकडे मे महिन्यात पलीकडच्या बाई मांडोची गाणी म्हणायच्या, ओळीच्या शेवटी आवाज कसा सोडून द्यायच्या, आठवतं? तसं. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. ते संपेपर्यंत मी मास्तरांच्या गालिच्यावरचा एकच डाग बघत बसले होते.

त्याच वर्षी त्याची ‘इंटिग्रेशन’ आली, डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या मंडळींबरोबर. तीत ‘महाराणी’ आहे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली होती, त्याची ही परतफेड असावी. ‘हम दोनो’ची सुरुवात ‘स्टेफानोज डान्स’ने होते. स्टेफानो त्याचा मुलगा. बायकोच्या नावाचंही एक आहे. घरातल्या माणसांना पत्रं लिहावीत तसं केलंय त्याने सगळं.

आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या नावाने अमान्सिओ आणि त्याच्या साथीदारांनी एक रेकॉर्ड केली, ‘ड्रीम सीक्वेन्स’. तिथे मात्र सतार-तबला आहे, आणि तबल्यावर केशव साठे. आपल्या मुंबईचे, पन्नासच्या दशकातच लंडनला गेलेले. कोकणातले साठे की पुण्याचे ते मला विचारू नका. मी तापात असले की तुम्ही पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरायचात, झोप लागेपर्यंत. साठ्यांचा तबला ऐकताना मला त्या लाकडाचा आवाज आला. कुशीवर वळले तरी तुम्ही थांबायचा नाहीत. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता तुमचा मुद्दा. तो मला पाठ आहे, बारावीच्या वर्षी जेवणाच्या टेबलावर ऐकलाय. इतका गुणी, तर मिळालं काय त्याला? खरं सांगते, फार नाही. ‘कोकण डान्स’ नावाची त्याची एक अख्खी रेकॉर्ड सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झाली आणि पडून राहिली. बाहेर आली २००६ साली. तो १९९६ मध्ये गेला होता. आज त्या जुन्या रेकॉर्डच्या मूळ प्रती शेकडो पौंडांना विकल्या जातात, तेही विकणाऱ्याच्याच खिशात. म्हणजे तुमचं म्हणणं खरं करायला मीच उदाहरण शोधून आणलंय.

पण मला गिटारवर पोट भरायचं नाहीये, बाबा. पोट चार दिवसांत भरतं. त्या वर्षी तुम्ही केलंत ते चूक होतं असं मी म्हणत नाही. ताईचं लग्न, तुमची बदली, माझे गणितातले ते मार्क. मीही बहुधा तेच केलं असतं. निळ्या कव्हरची गिटार माळ्यावर गेली म्हणून मी सी.ए. झाले, आणि सी.ए. झाले म्हणून आज शुक्रवार विकत घेऊ शकते. हिशेब तुमच्या बाजूनेच लागतो. फक्त मधल्या तेवीस वर्षांत बोटं ताठ झालीत. डाव्या करंगळीला अजून घट्टे पडले नाहीत, तार दाबली की कढईचा कान फडक्याशिवाय धरल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात अमान्सिओचं रेकॉर्डिंग जिथे झालं तो लॅन्सडाउन स्टुडिओ बघायला गेले. हॉलंड पार्कमध्ये लॅन्सडाउन हाऊस म्हणून जुनी उंच इमारत आहे. डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने तिथे कितीतरी ब्रिटिश जॅझ मुद्रित केलं. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि घरी आले. काय शोधत होते कोण जाणे.

आता जे लिहायला तीन पानं लागली ते. दिवाळीला मी येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांचे विद्यार्थी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये वाजवणार आहेत. आम्ही चौघं ‘बॅलड फॉर गोवा’ वाजवतो आहोत आणि गिटार माझ्याकडे आहे. ऐकायला पंचवीस-तीस माणसं असतील, त्यातली निम्मी एकमेकांच्या घरची. एवढ्यासाठी दिवाळी चुकवते, असं वाटेल. मलाही वाटतं. मी तिकीट काढलंय, १० जानेवारीला पोचते, संक्रांत सापडते, आणि दिवाळीतल्या आठ दिवसांऐवजी तीन आठवडे राहते. आई, चकलीचं भाजणीचं पीठ तेवढं ठेव, जानेवारीत आपण दोघी मिळून करू. तोवर एकटीने घाट घालू नकोस, लाडू विकतचे आणले तर देव काही म्हणत नाही.

बीपीची गोळी सकाळी खाल्ल्यावर नाही, डॉक्टरांनी लिहिलंय त्या वेळेला. डबी सोमवार ते रविवार भरलेली असते, तर त्यातलीच घ्यायची. बाथरूममधल्या दांड्याला टॉवेल वाळत घालू नका, तो धरायला लावलाय. रात्री पॅसेजचा दिवा चालू राहू द्या, बिल मी भरते. बाबा, गुडघ्याचा व्यायाम दोन वेळा. फिजिओथेरपीवाल्याला तुम्ही चहा पाजून गप्पांत घालवता, हे मला त्यानेच सांगितलं. आई, उशांची नवी कव्हरं वापरायला काढ, पाहुण्यांसाठी ठेवू नकोस. पाहुणे तुम्हीच.

ताई आली की तिच्याकडून ‘बॅलड फॉर गोवा’ लावून घ्या, संध्याकाळी दिवेलागणीनंतर. आई, तुला मडगाव ऐकू येतं का ते मला खरं सांग. येत नसलं तर येत नाही म्हण, रागावणार नाही.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, हे वाचून झालं की तुम्ही माळ्याकडे बघाल, मला माहीत आहे. स्टूल लावायचं नाही. वॉचमनलाही चढवायचं नाही, त्याच्या हातून पितळी डबे पडतात. तारा एव्हाना गंजल्या असतील, त्या मी इथून घेऊन येते. जानेवारीत मीच काढेन खाली.