पाच मिलिव्होल्टचा आकडा झाकून का ठेवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात ई-कचऱ्यावर अधूनमधून लेख येतात. २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या वाटेला लागला, ही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातली आकडेवारी त्यात असते. पुढे ग्राहकाला उपदेश असतो की जपून वापरा, दुरुस्त करा, फेकू नका. घरातला सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, दुरुस्त करायलाच बसले होते हो मी! गाडी अडली ती एका आकड्यापाशी. तो कंपनीला ठाऊक होता, मला नव्हता, आणि कंपनी सांगायला तयार नव्हती.

मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ३२ वर्षं सहाय्यक होते. विद्यार्थ्यांनी पिळून पिळून मोडलेले पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचे रेझिस्टर, बदलण्यात त्यातली निम्मी गेली असतील. त्यामुळे घरातला बारा वर्षांचा सबवूफर कुरकुरायला लागला तेव्हा घाबरायचं काही कारण नव्हतं.

कुरकूर विचित्र होती. मोठ्या आवाजात सगळं ठीक. रात्री यजमान आवाज अगदी बारीक करून ऐकत बसले की मात्र खर्जाचे सूर खरखरीत यायचे. डग्ग्यावर कोणी कागदाचा कपटा ठेवून वाजवावं तसे. खोक्यावर एक थाप मारली की सूर स्वच्छ, दहा मिनिटांनी पुन्हा खरखर. यजमानांनी थाप मारण्याचं तंत्र इतकं आत्मसात केलं होतं की त्यांच्या मते दुरुस्तीची गरजच नव्हती.

कंपनीच्या सेवा केंद्राने खोकं उघडलंही नाही. "त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नवीन घ्या," एवढंच उत्तर. मी म्हटलं, बोर्ड नको, सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका, द्या. त्यावर ई-मेल आला की हा दस्तऐवज केवळ अधिकृत केंद्रांसाठी आहे. अधिकृत केंद्र म्हणतं बदला, कंपनी म्हणते केंद्राला विचारा. बरं.

बारीक आवाजातच दोष दिसतो, ही मोठी खूण आहे. लाकूड कापायची मोठी करवत दोन टोकांना दोघं धरून ओढतात, ती आठवा. एकाची ओढ संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, त्या वळणावर दोघांचीही पकड थोडी घट्ट असावी लागते. एकाने हात सोडल्यावरच दुसरा धरणार असेल तर करवत दर फेरीला अडखळते. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर असेच जोडीने काम करतात. एक लहरीचा वरचा अर्धा भाग ओढतो, दुसरा खालचा. संगीत नसतानाही दोघांतून थोडासा प्रवाह चालू ठेवावा लागतो, म्हणजे वळणावर खाच पडत नाही. याला बायस म्हणतात. तो कमी पडला की लहरीच्या मधोमध पायरी तयार होते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, लहान आवाजात लहरीचा बराचसा भाग तीच खाते. बायस जास्त झाला तर ट्रान्झिस्टर काही न वाजवता नुसते तापतात.

सबवूफरला खालचेच सूर वाजवायचे असतात, मग खरखर ऐकू कशी येते, असं यजमानांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. वरचे सूर अडवणारी गाळणी ॲम्प्लिफायरच्या आधी असते. ४० हर्ट्झचा सूर गाळून आत येतो, पण ती पायरी आत तयार होते आणि आपल्यासोबत १२०, २००, २८० हर्ट्झचे आगंतुक घेऊन बाहेर पडते. त्यांना अडवायला पुढे कोणी नाही.

हा बायस कमीजास्त करण्यासाठी बोर्डावर एक चिमुकला फिरवता येणारा रेझिस्टर असतो. दुरुस्ती करणारे त्याला प्रीसेट म्हणतात, कोणी ट्रिमर. माझ्या सबवूफरमध्ये तो उघडा होता. कार्बनचा गोल पट्टा, त्यावर टेकलेली पत्र्याची पातळ जीभ, आणि मधे पेचकस लावायची खाच. एरवी असा प्रीसेट स्वस्त आणि पुरेसा असतो. पण सबवूफरचा ॲम्प्लिफायर त्याच खोक्यात, स्पीकरच्या पाठीमागे बसवलेला. तिथे वर्षानुवर्षं हवेचे धक्के, हादरे आणि उष्णता. जीभ पट्ट्यावरून किंचित उचलली जाते, पट्टा काळवंडतो, आणि लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. शेजारी वीज साठवणारे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात ओतलेला गोंदही होता. तो जुना होऊन तपकिरी पडला की थोडीफार वीज वाहू देतो आणि पाय गंजवतो. तोही मी आधी खरवडून काढला, पण रोग तो नव्हता.

रोग सापडला तो क्षण सांगते. स्पीकरची वायर काढलेली, आवाज शून्यावर, वीजपुरवठ्याच्या वाटेत एकसर जोडणीत जुना तारेचा दिवा, म्हणजे आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लखलखतो आणि बाकीचं वाचतं. ट्रान्झिस्टरच्या पायाशी ०.२२ ओहमचा पांढरा रेझिस्टर असतो, बोर्डावर नाव आर २७. त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या चिमट्याच्या वायरी लावल्या. हाताने टोचण्या धरायच्या नाहीत. एक घसरली तर ट्रान्झिस्टर गेलाच. मीटरवर ०.३ मिलिव्होल्ट. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग मी विणकामाची प्लास्टिकची सुई घेतली आणि लांबूनच प्रीसेटच्या डोक्यावर टकटक केलं. आकडा उसळला, ५.१. क्षणभर थांबला, ४.९, मग पुन्हा घसरून ०.८. परत टकटक, परत ५.१. यजमानांची थाप नेमकी कुठे लागत होती ते तेव्हा कळलं.

आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट लक्षात आली. कॉन्टॅक्ट बरा असताना मीटर पाचच्या आसपास जातो, म्हणजे कारखान्यात बहुधा तेवढाच ठेवला असणार. कंपनीने दडवलेला आकडा सुईने सांगितला. पण बारा वर्षं जुन्या, किडलेल्या प्रीसेटची साक्ष कितपत धरायची? म्हणून पुढची सगळी खटपट.

इथे त्या अनोळखी रचनाकाराला दाद दिली पाहिजे. ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. बायस ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामधल्या फांदीत त्याने प्रीसेट बसवला होता, आणि प्रीसेटचा मधला, जिभेचा पाय एका कडेच्या पायाला जोडून ठेवला होता. जीभ उचलली गेली तर पूर्ण रेझिस्टन्स वाटेत येतो आणि बायस खाली जातो. आवाज खरखरतो, पण धूर निघत नाही. हाच प्रीसेट कलेक्टर आणि बेस यांच्यामधल्या फांदीत असता तर जीभ उचलली जाताच बायस वर चढला असता आणि ट्रान्झिस्टर भाजून निघाले असते. दोन्ही प्रकारचे बोर्ड असतात. म्हणून कोणत्या बाजूला फिरवलं की प्रवाह वाढतो हे प्रत्येकाने आपापल्या बोर्डावर तपासावं, माझ्या पत्रावर विसंबू नये. इतका विचार करणाऱ्या माणसाला बंद डबीतला प्रीसेट वापरू दिला नाही, तो हिशेब कोणाचा असेल ते ओळखणं कठीण नाही.

जुना प्रीसेट सोडवायला कथलाचे डाग काढावे लागतात, आणि त्याआधी कपॅसिटर रिकामे करावे लागतात. माझ्यात दोन होते, प्रत्येकी १०,००० मायक्रोफॅरडचे, ५२ व्होल्टवर भरलेले. वीज काढल्यावरही ते भरलेलेच राहू शकतात. पेचकसाने शॉर्ट करायची मर्दुमकी काही जण दाखवतात, मी २.२ किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर लावून दोन मिनिटं थांबते आणि मग मीटरने खात्री करते. जुना प्रीसेट १ किलोओहमचा होता, अंगावर १०२ लिहिलेलं. नवा आणला तो सिरॅमिकवर धातुमिश्रित पट्टा असलेला, बंद डबीतला, २५ फेऱ्यांचा. उघड्या प्रीसेटला पाऊण फेरी असते, पेचकस केसभर सरकला की आकडा उडी मारतो. २५ फेऱ्यांचा हळूहळू चढतो. फक्त त्याचे तीन पाय एका ओळीत होते आणि बोर्डावरची भोकं त्रिकोणात. मधला पाय चिमट्याने हलकेच पुढे वाकवला. लावण्याआधी मीटरवर तो पूर्ण १ किलोओहमवर फिरवून घेतला, म्हणजे माझ्या बोर्डावर सर्वात कमी बायस. डाग काढताना बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उचकटू नये म्हणून आधी ताजं कथील लावलं आणि मग पंपाने ओढलं. जुने डाग नव्या कथलाशी मिसळले की लवकर सोडतात.

दिव्यासकट सुरू केलं. दिवा क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. स्पीकरच्या टोकांवर डीसी ११ मिलिव्होल्ट, तेही ठीक. पण दिवा वाटेत असताना बायस पक्का करायचा नाही, कारण आतला व्होल्टेज तेवढा खाली असतो. दिवा काढला आणि फेरी फेरीने वर चढले.

थांबायचं कुठे? एका माजी सहकाऱ्याकडून ऑसिलोस्कोप, म्हणजे लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणला. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा मोठा रेझिस्टर, आत ४० हर्ट्झचा सूर, बाहेर साधारण एक व्होल्ट. पडद्यावर लहरीच्या मधोमध ती पायरी स्पष्ट दिसत होती, दोन्ही उतारांवर. मी प्रीसेट फिरवत होते आणि ती आक्रसत होती. आकडा पाहायचा तर दर वेळी सूर बंद करून मीटर वाचावा लागे. ४.५ मिलिव्होल्टच्या सुमारास पायरी डोळ्यांना दिसेनाशी झाली. मी ५.५ वर ठेवलं. ०.२२ ओहमला ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर. सुईची साक्ष खरी होती.

वीस मिनिटं तशीच बसून राहिले. ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर प्रवाह वाढतो, वाढला की आणखी तापतो. हे चक्र आवरायलाच बायसचा ट्रान्झिस्टर हीट सिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, स्क्रूने बसवलेला असतो, त्याला इतरांबरोबर ताप कळावा म्हणून. तो सैल करून परत लावायचा विसरला तर सगळा बोर्ड जाऊ शकतो. माझा आकडा ६.२ पर्यंत चढून स्थिरावला, मी थोडा उतरवून परत ५.५ केला. खोकं बंद. रात्री यजमानांनी बारीक आवाजात ऐकलं आणि सवयीने एकदा थाप मारलीच.

नवशिक्यांनी हे वाचून पेचकस हातात घेऊ नये. त्याच खोक्यात घरातली वीज उघडी असते. शिवाय हल्लीच्या बऱ्याच सबवूफरमध्ये ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद करणारा क्लास-डी ॲम्प्लिफायर असतो, त्यात असा प्रीसेट सापडणारच नाही. पण ज्यांना हे काम येतं आणि ज्यांचं पोट त्यावर आहे, त्यांनी तरी सुईने टकटक करून आकडा का शोधावा? माझ्या वडिलांच्या रेडिओच्या झाकणाला आतून सर्किटचा पूर्ण नकाशा चिकटवलेला होता, कुठे किती व्होल्ट हवेत त्यासकट. तो रेडिओ तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा दुरुस्त केला. त्यात कोणाचं गुपित फुटलं?

बोर्डावर पांढऱ्या शाईने आर २७ छापता, क्यू ९ छापता, कंपनीचं बोधचिन्ह छापता. त्याच शाईत 'आर २७ वर ५.५ मिलिव्होल्ट, तापल्यावर' एवढं छापायला किती खर्च येईल? आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत नव्या ध्वनियंत्रांची परीक्षणं येतात. वॉट किती, खोल किती जातो, दिसतो कसा, सगळं असतं. त्यात एक ओळ वाढवता येईल का: सर्व्हिस मॅन्युअल मागितल्यावर मिळालं की नाही? परीक्षण करणाऱ्याने कंपनीला एक ई-मेल टाकायचा आणि उत्तर आलं तसं छापायचं. न आलं तर तेही छापायचं.

माझ्यापुरतं मी काम उरकलं आहे. मार्करने तो आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक

ता. क. : सुई प्लास्टिकचीच हवी. घरात धातूच्याही होत्या, त्या मी काम संपेपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या.