रंधा माझ्या हातात राहू दिलात म्हणून

आदरणीय सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताखाली मी केलेल्या टेबलाने पहिला पावसाळा काढला. फळ्यांचा सांधा उघडला नाही, पाय डगमगत नाहीत. "एक पावसाळा जाऊ दे, मग सांग," असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आज लिहिते आहे.

दिवाळीनंतर कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून मी त्या पाइनच्या फळ्या आणल्या. जहाजात मालाखाली टेकू म्हणून घातलेलं लाकूड. दोन इंच जाड, आणि एका अंगाला करवत न लागलेली झाडाची मूळ कड. त्यावरचा कणसाचा शिक्का आणि 'एचटी' ही अक्षरं पाहून मला वाटलं, लाकूड सुकवलेलं आहे. तुम्ही फळी नुसती उचललीत आणि म्हणालात, ओली आहे. नंतर मी शोधून वाचलं: कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलं आहे, इतकंच तो शिक्का सांगतो. मग आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीखाली, मध्ये पट्ट्या घालून, फळ्या सुकायला मेपर्यंत रचून ठेवल्या.

काका, त्या मे महिन्यातले रविवार मी विसरणार नाही. एका फळीला टोकाकडून चीर गेली होती. तेवढा भाग कापून टाकायला मी निघाले होते. तुम्ही सागाच्या तुकड्याची डमरूच्या आकाराची पाचर करून दाखवलीत, तिच्या लाकडाच्या रेषा चिरेला आडव्या कशा हव्यात ते समजावलंत आणि पटाशी माझ्या हातात दिलीत. माझी पहिली पाचर सैल झाली. तुम्ही ती घेऊन स्वतः केली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही दुसरा तुकडा पुढे केलात आणि अर्धा तास शेजारी बसून राहिलात. मला सर्वात जास्त आभार त्या अर्ध्या तासाचे मानायचे आहेत. घरात लहानपणापासून हत्यार हातात घेतलं की कोणीतरी "दे इकडे" म्हणायचं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

ती झाडाची मूळ कड सरळ करायला रंधा उचलला तेव्हा मात्र थांबवलंत: "तिथे नुसता वायर ब्रश." आज येणारा प्रत्येक जण आधी त्या कडेवरूनच हात फिरवतो.

गडद स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा हट्ट मी उरलेल्या तुकड्यावर लावून पाहिल्यावर सोडला. पाइनवर नुसती ठिगळं उठली. गाठींतून पाझरणारी राळ स्पिरिटने पुसली, चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे पातळ हात दिले, आणि तो मधासारखा रंग आला. वरची फळी पायांना लांबट भोकांतून स्क्रूने बसवली होती. जुलैत ती फुगली, पण सरकायला जागा होती म्हणून चिरली नाही.

तुमचा रंधा अजून माझ्याकडेच आहे. पात्याला तुम्ही शिकवलीत तशी दगडावर धार लावली आहे. खंडेनवमीला तो तुमच्या दुकानात पूजेला हवा, म्हणून आदल्या दिवशी घेऊन येते. त्याआधी काकूंना घेऊन चहाला या. चपड्यावर गरम कपाचा पांढरा डाग पडतो, म्हणून आईने कपांखाली ठेवायला चकत्या विणून ठेवल्या आहेत.

तुमची,
कोपरखैरण्याची विद्यार्थिनी